लाल वायरला काळी म्हणालो

उस्तादांविषयी मी घरात कधी बोललो नाही. बायकोला एवढंच माहीत आहे की नोकरी लागायच्या आधी मी लातूरच्या एका गॅरेजात काम केलं आणि तिथला मालक भला माणूस होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी आज लिहितो. आज मी उस्तादांच्या तेव्हाच्या वयाचा झालोय, म्हणूनही असेल.

मी लोह्याकडचा. नांदेडला डिप्लोमा झाला, आमच्या बौद्धवाड्यातला पहिलाच. पण नोकरी मिळेना. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं कुठं भाड्याच्या घरात, कुठं मंगल कार्यालयात मांडली होती आणि भरती निघणार या आशेनं आसपासची शिकलेली पोरं तिकडं धावत होती. मीही गेलो. तोवर पोट भरावं म्हणून गॅरेजांत विचारत फिरलो. दोन ठिकाणी आधी गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. तिसऱ्या ठिकाणी उस्ताद होते. त्यांनी विचारलं, "प्लग खोलता येतो का?"

"येतो."

"मग खोल की. उभा काय राहिलास नवरदेवासारखा?"

त्या दिवसापासून मी त्यांचा इंजिनेर. हाक तीच. चेष्टेनं मारायचे, पण गिऱ्हाइकांसमोर अभिमानानं मारायचे.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. रस्त्यांवर घोटाभर फुफाटा. आमचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे वकीलसाहेब. त्यांच्याकडं वडिलांनी हैदराबादहून आणलेली निजामाच्या काळातली विलायती गाडी होती. त्या गाडीत ठिणगी पडायची ती डिस्ट्रिब्यूटरमधल्या दोन इवल्या पॉइंटांच्या उघडझापीवर. धूळ आत गेली की पॉइंट काळे पडत आणि गाडी बंद. उस्ताद पॉलिश पेपरनं ते घासायचे, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकायचे, हातानं डिस्ट्रिब्यूटर जरासा फिरवून ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, जुळवायचे आणि गाडी पुन्हा गुणगुणायला लागायची. पण दोन दिवसांनी परत तेच.

"काल कोर्टासमोर आरोपीनं धक्का मारला हो उस्ताद," वकीलसाहेब म्हणाले. "आणि केस मी त्याच्या विरोधात लढवतोय."

"मग सुटला म्हणा की तो," उस्ताद म्हणाले.

मी मधे बोललो. कॉलेजात वाचलं होतं की पॉइंट काढून टाकायचे, त्या जागी चुंबकाची चकती आणि एक डबी बसवायची. इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मग घासायला काही उरतच नाही. वकीलसाहेबांनी मुंबईहून डबी मागवली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एका किल्लीत गाडी सुरू करून दाखव. सरकारी वर्कशॉपात तुझं नाव मी स्वतः सांगतो."

उस्तादांनी डबी कानाशी हलवून बघितली. "ट्रान्झिस्टर हाय का रे? गाणी लागतेत का?" पण शिकायला ते तयार होते. लाज नव्हती त्यांना शिकायची.

अडचण एक होती. आपल्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. मेकॅनिक त्याला अर्थ म्हणतात. या गाडीत प्लस बॉडीला होता. उस्ताद म्हणायचे, "उलट्या अर्थाची बाई हाय ही. हाव म्हणली की न्हाई समजायचं." पण डबीला ते चालणार नव्हतं. आधी बॅटरी उलटी जोडायची, मगच किल्ली फिरवायची. नाहीतर डबी क्षणात जळणार. कामं वाटून घेतली. डिस्ट्रिब्यूटरमधली चकती आणि डबीच्या लाल-काळ्या वायरी उस्तादांकडं. लाल कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला; त्या उलटल्या तरी डबी जळणार. बॅटरी माझ्याकडं.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. सांगायचे नाहीत, पण वायर हातात आली की दारापर्यंत उजेडात जायचे. त्या सकाळीही गेले. नीट बघून आले, जोडल्या आणि रेडिएटरसाठी पाणी आणायला डबा घेऊन हापशाकडं गेले. रांग मोठी होती.

बॅटरीच्या दोन खुंट्यांतली प्लसची जाड असते. बॉडीकडून आलेला मोठा क्लॅम्प वर्षानुवर्षं त्याच खुंटीवर बसलेला. माझ्या डोक्यात वर्कशॉप, शिक्का मारलेली ऑर्डर, गावी आईला काय सांगायचं ते. मोठा क्लॅम्प जाड खुंटीवर आपसूक बसला, छोटा बारीक खुंटीवर, म्हणजे सगळं जुन्यासारखंच. कुठं अडलं नाही, आणि अडलं नाही म्हणूनच कळलं नाही. उस्ताद यायच्या आत सुरू करून ठेवावी म्हणून किल्ली फिरवली. डबीतून जळक्या रबरासारखा वास आला. बस.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. पुढं मी जे केलं ती चूक नव्हती. मी पाना घेतला, क्लॅम्प काढले, छोटा फाकवून जाड खुंटीवर ठोकला, मोठ्याखाली पत्र्याचा तुकडा सारला. आता बॅटरी बरोबर होती. घाम पुसला.

उस्ताद आणि वकीलसाहेब बरोबरच आत आले.

"कसला वास येऊन राहिला रे?"

"डबी जळली, उस्ताद."

त्यांनी आधी बॅटरीकडंच बघितलं. क्लॅम्प चाचपले. बरोबर होते. मग बॉनेटखाली वाकले, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, "कॉइलच्या प्लसला हाय ती वायर लाल हाय का काळी?"

लाल होती. लखलखीत लाल, नवीकोरी.

"काळी," मी म्हणालो.

ते वाकलेलेच राहिले. वायरीवरून बोट फिरवलं, जसा काही रंग बोटाला कळणार होता. "उजेडात नेऊन बघितली की रे मी," म्हणाले. माझ्याशी नाही, वायरीशी. वकीलसाहेब ओरडले नाहीत. "डोळे दाखवा कुणाला तरी," एवढंच म्हणाले आणि निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढं वर्कशॉपात त्यांनी माझं नाव सांगितलं ते, पोरगा खरं बोलतो, असं म्हणूनच.

त्याच दुपारी जुने पॉइंट परत बसवायचे होते. उस्तादांनी ते फडक्यात बांधून ठेवले होते. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच लाव."

त्यानंतर कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी ते मला विचारायला लागले. मग विचारायचंही सोडलं. स्टुलावर बसून राहायचे. रंगाशी काही संबंध नसलेली कामंही, ज्यात त्यांचा कान आणि हातच पुरे होते, तीही करीनात. मला ऑर्डर मिळाली आणि चार महिन्यांत गॅरेजला कुलूप लागलं. दुष्काळ हटला नव्हता. शहराबाहेरच्या विहिरीवर टँकर भरले जायचे, तिथं पाइप धरायच्या कामावर ते लागले. टँकरची दुरुस्ती आमच्या वर्कशॉपकडं. आठवड्यातून एकदा मी जायचो. पुढ्यात टँकरचं इंजिन खोकत असायचं आणि उस्ताद पाइप धरून दुसरीकडं बघत असायचे. एकदा मी म्हणालो, "उस्ताद, टायमिंग ऐकता का जरा?" त्यांनी मान हलवली. "कानावर बी भरोसा न्हाई राहिला, बेटा."

तेव्हा सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण नोकरी कच्ची होती आणि मी ती पक्की व्हायची वाट बघितली. ती पक्की झाली तोवर ते मुलीकडं नांदेडला निघून गेले होते.

बऱ्याच वर्षांनी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवली. त्यांचं ऑपरेशन झालं होतं, जाड चष्मा होता. मला दारातूनच ओळखलं, जावयाला बोलावलं, चहा सांगितला.

"हा आपला इंजिनेर," जावयाला म्हणाले. "अरे, मी आंधळा होऊन राहिलो होतो अन् कुणी बोलत नव्हतं. माझ्या तोंडावर बोलला तो हा एकटा. तवाच हात काढून घेतला मी. डबीच जळली, नशीब. एखाद्याची लेकरंबाळं बसलेली गाडी पेटली असती म्हणजे?" मग माझ्याकडं वळले. "तुझे उपकार हायेत, बेटा."

मी चहाचा कप उचलला. त्यांच्या हातची वीस वर्षं मी घेतली होती आणि त्या रिकाम्या जागी त्यांनी एक गोष्ट बसवली होती: आपण वेळेवर थांबलो. खरं सांगितलं असतं तर तीही गेली असती. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण साधं आहे. मला भीती वाटली. चहा पिऊन मी उठलो.

पुन्हा त्या घरी गेलो तो त्यांच्या मातीला. आलेल्या माणसांना जावई एकेकाची ओळख करून देत होता. माझ्यापाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अब्बांशी खरं बोलणारा माणूस." लोकांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी मान खाली घातली. दुःखानं घातली असं त्यांना वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.