चोवीस झाकणांची साडी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी चोवीस समुद्री गोगलगायींची दारे एका गुलाबी शिफॉन साडीच्या पदरावर कायमची चिकटवून टाकली. कृत्य एकटीने केले, शुद्धीत केले आणि त्यानंतर स्वतःच्या कार्यक्षमतेवर प्रसन्न होऊन आल्याचा चहाही प्यायले.

दारे म्हणजे काय, हे सांगणे आवश्यक आहे. सौराष्ट्राच्या खडकाळ किनाऱ्यावर पगडी-गोगलगाय नावाचा एक प्राणी राहतो. त्याचा शंख बांधलेल्या पगडीसारखा वेटोळे घालत चढत जातो. संकट दिसले की गोगलगाय आत शिरते आणि पायाला जडलेले दगडासारखे कठीण, गोल, पांढरे झाकण शंखाच्या तोंडावर घट्ट बसवते. (सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या घराची कडी आजवर इतकी घट्ट बसलेली नाही.) हे झाकण वरून फुगीर असते आणि खालून सपाट. सपाट बाजूवर सुबक चक्र असते.

मी सागरी जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. विभागाच्या जुन्या संग्रहातले चोवीस शंख आणि त्यांची चोवीस झाकणे आमच्या मॅडमनी वर्णनासाठी माझ्या हवाली केली होती. त्यांत दोन जातींची सरमिसळ होती. शंख इतके झिजलेले, की दोन्ही जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसत. निर्णय फक्त झाकणांवरून शक्य होता: एका जातीच्या झाकणावर बारीक कण, दुसरीचे गुळगुळीत. बुधवारी अकरा वाजता सादरीकरण होते. वर्गातून एकाच विद्यार्थ्याची किनारा-सर्वेक्षणासाठी निवड होणार होती आणि ती माझी होणार, हे मी ठरवून टाकले होते. (मॅडमना हे अद्याप कळायचे होते.)

आता आईकडे वळू. अप्पा कापड विणायच्या लूमवर कामाला जातात आणि आई घरी साड्यांना स्टोन लावते. मंजुबेन नावाच्या बाई साड्यांचा गठ्ठा, गमची बाटली आणि प्लास्टिकच्या स्टोनच्या डब्या आणून देतात आणि तयार माल पर्वत पाटिया भागातल्या शेठच्या दुकानात पोहोचवतात. आईच्या रिकाम्या डब्या मजबूत असतात. त्यांतलीच एक मी झाकणांसाठी घेतली आणि आईच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवली. तिच्यावर चिठ्ठी लावली नाही, कारण मला लक्षात राहणार होते!

त्या रविवारी दुपारी बाराला माल जायचा होता आणि गुलाबी साडीचा पदर बाकी होता. आईची पाठ धरली होती. चांगल्या मुलीने पाठ चोळून दिली असती. मी घड्याळ लावले.

"आई, एक स्टोन लावायला तू अठरा सेकंद घेतेस."

"मंग काय पळत पळत लाऊ का?" आई अहिराणीत म्हणाली. (आम्ही शिरपूरकडचे. सुरतेत वीस वर्षे झाली, तरी आईचा राग अजून तापी उतरून आलेला नाही, तो अहिराणीतच येतो.)

"पद्धत अशास्त्रीय आहे, एवढंच म्हणते. सरक. मी दाखवते."

"मोठा स्टोन लावना शेतस पदरले. वरनी डबीमा देख."

वर दोन डब्या होत्या. मी जवळची घेतली.

यापुढे जे घडले, ते वैज्ञानिक प्रशिक्षणाचे फलित आहे. अडाणी माणसाने मूठभर स्टोन घेऊन भराभर चिकटवले असते. मी व्हर्नियर कॅलिपर काढला! प्रत्येक नग मोजला, आकाराच्या उतरत्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडला आणि संतापले.

"आई, मंजुबेनला सांग, सप्लायर फसवतोय! सर्वांत मोठा सतरा पूर्णांक सहा मिलिमीटर, सर्वांत लहान नऊ पूर्णांक दोन. चोवीस नगांत दोन सारखे नाहीत. फिनिशिंगही खरबरीत!"

आईने एक नग उचलून उलटा केला. "हाई गोल गोल काय शे याले?"

"डिझाइन असेल. ती बाजू खालीच जाणार."

"पन पोरी, असा माल पहिले कधी..."

"आई, मध्ये बोलू नकोस! घड्याळ लावलंय."

ते चक्र मी वहीत अकरा वेळा काढले होते. त्याच्या रेषांवर मी कौतुकाने लिहिले होते. त्याच चक्रावर मी चोवीस वेळा गमचा ठिपका ठेवला आणि अंगठ्याने दाबले. एका नगाला नऊ सेकंद, एकूण वेळ तीन मिनिटे छत्तीस सेकंद. हा विक्रम मी आईला दोनदा ऐकवला. बारा वाजता मंजुबेन आल्या आणि गठ्ठा घेऊन गेल्या. मी साडी स्वतः घडी करून दिली.

सोमवारी सकाळी आठ वाजता वर्णनाला बसले. डबी उघडली. आत प्लास्टिकचे चकचकीत स्टोन. मी भिंग लावले. भिंगातूनही ते प्लास्टिकचेच होते.

"आई! माझी झाकणं कुठंयत?"

"कसाना झाकणं? डबासना?"

"गोगलगायींची! पांढरी! गोल!"

आईने लाटणे खाली ठेवले, क्षणभर विचार केला आणि शांतपणे म्हणाली, "तूच त लायात काल. माले वाटनं, नवा माल व्हई. मी इचारं ना, तं तू बोलनी, मधमा बोलू नको."

या विधानात पुरावा होता, साक्षीदार होता आणि आरोपीचा कबुलीजबाबही होता. मी चपला घातल्या. आई म्हणाली, "थांब, मीबी येस. तू बोलशी तं आखो काही चिटकाडी येशी."

पर्वत पाटियाच्या दुकानात पोहोचलो, तर आमची साडी काउंटरवर पसरलेली आणि शेठ पदरावरून असा हात फिरवत होते, जणू नातवाच्या डोक्यावरून! बाजूला मंजुबेन खुशीत उभ्या; आईला पाहताच त्या म्हणाल्या:

"आवो आवो, शारदाबेन! शेठने तमारुं काम बहु पसंद आव्युं!"

शेठ आईकडे वळले. "बेन, ये नग कहाँ से लाए? चालीस साल से धंधे में हूँ, ऐसा नेचरल फिनिश नहीं देखा. छोटे से बड़ा, क्या लाइन बनाई है! इसी में दो सौ पीस बना दो."

आईने माझा दंड इतक्या जोरात दाबला की त्याची खूण बुधवारपर्यंत राहिली. "दोनशे, व माय!" ती कुजबुजली. मी मनातल्या मनात गुणाकार केला. दोनशे गुणिले चोवीस. चार हजार आठशे गोगलगायी! द्वारकेपासून वेरावळपर्यंत एकीच्याही घराला दार राहणार नव्हते.

"शेठजी, यह साडी वापस चाहिए," मी म्हणाले.

"अब तो ये सॅम्पल है, बेटा. सॅम्पल वापस नहीं जाता. एक घंटे में बाहर की पार्टी आ रही है."

साडी मिळणार नसेल, तर निदान नोंदी मिळवाव्यात, असा मी तातडीने निर्णय घेतला. पिशवीतून भिंग, कॅलिपर आणि वही काढली आणि काउंटरवर आडवी होऊन पहिल्या झाकणावर नाक टेकवले. कण स्पष्ट दिसत होते! मी लिहू लागले. शेठना कोण आनंद झाला! त्यांनी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असे जाहीर केले, "लॅब से मॅडम आई हैं! क्वालिटी चेक चालू है!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइके भोवती जमली. सातव्या झाकणापाशी शेठनी विचारले, "क्या निकला, मॅडम?"

शास्त्रज्ञाने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर द्यावे, असे मला शिकवले गेले आहे. "कॅल्शियम कार्बोनेट."

"सुना? कॅल्शियम! हड्डी के लिए भी अच्छा!" शेठनी गिऱ्हाइकांना सांगितले. "मजबूत है?"

"बहुत. समुंदर की लहरों में भी नहीं खुलता."

"खुलता? खुलता मतलब?"

"दरवाजा है, शेठजी. घोंघे का. वो शंख के अंदर जाता है, तो इससे बंद कर लेता है. ये उसके पैर पर लगा रहता है."

शेठ सूर्यास्तानंतर पाणीही न पिणारे, बटाटा उंबऱ्याबाहेर ठेवणारे जैन गृहस्थ. त्यांचा हात पदरावरच थांबला होता.

"पैर पर?"

"जी."

"किसके?"

"घोंघे के."

तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा त्यांनी हात उचलला. "जीव था?"

"था. बहुत साल पहले. अपने आप मरा होगा." (या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे कोणताही पुरावा नव्हता. माझी निराधार विधाने सहसा अशीच, भीतीपोटी जन्मतात.)

शेठनी पदरासमोर हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलले. मग अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "मंजुबेन, उठाओ इसको. और बेटा, जिसका दरवाजा है, उसको वापस दे देना."

पत्ता त्यांनी विचारला नाही, हे माझे भाग्य.

बाहेर आल्यावर दोनशे साड्यांच्या दुःखाने मंजुबेननी साडी माझ्या पिशवीत कोंबली. मग म्हणाल्या, "शारदाबेन, काम तो तमने ज आपीश. पण आ तमारी सायंटिस्ट बेबीने गमनी बाटलीने हाथ नहि लगाडवा देवानो!" काम आईकडेच राहिले, गमबंदी फक्त मला; आईने इतक्या तत्परतेने मान डोलावली की मला आतून लागले.

घरी येऊन मी थिनरची बाटली उघडली. पण एवढ्यात मला शहाणपण सुचले आणि मी आधी मॅडमना फोन लावला. (संभाषण गुजरातीत झाले. मराठीत ते बरेच सौम्य वाटते.)

"मॅडम, नमुने सुरक्षित आहेत. फक्त थोडे... वस्त्रावर आहेत."

"वस्त्रावर म्हणजे?"

"पदरावर."

पलीकडे खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला.

"काहीही काढायचं नाही!" मॅडम गरजल्या. "खरवडताना वरचे कण गेले, तर ओळखणार कशावरून? आहे तसं आणा. सगळं!"

बुधवारी अकरा वाजता मी विभागाच्या फळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी शिफॉन साडी टाचण्यांनी लावली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "मुहूर्त कितीचा आहे?" मी दुर्लक्ष केले आणि बोलत गेले. झाकणे मी स्वतःच कॅलिपरने मोजून उतरत्या क्रमाने लावली होती, त्यामुळे शंखांची तोंडे मोजून तीही तशीच मांडली आणि प्रत्येक शंखाला त्याचे दार मिळाले. सतरा झाकणे कणीदार, सात गुळगुळीत. जाती दोन, शंका शून्य.

"खालच्या बाजूचं चक्र?" मॅडमनी विचारले.

"पदर उलटा करून उजेडात धरला, की अंधुक दिसतं, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सर्वेक्षणाला तुम्हीच जा," त्या म्हणाल्या. "तुम्ही संग्रहाजवळ राहण्यापेक्षा किनाऱ्यावर बऱ्या. तिथे गम नसतो."

निवड झाली! मी आनंदाने जवळजवळ उडीच मारली, पण मॅडमनी परत-नोंदवही पुढे सरकवली. नमुना ज्या अवस्थेत परत येईल, त्याच अवस्थेत, संलग्न वस्तूसह मोजायचा, असा विभागाचा नियम आहे. व्हर्नियर पुरेना. मग मी टेप आणला, साडी कॉरिडॉरमध्ये अंथरली, एका टोकावर शिपाईकाकांना उभे केले आणि आजवर सुरत मुक्कामी कोणत्याही गोगलगायीच्या नावे झाली नसेल अशी नोंद अचूक, सुवाच्य अक्षरात केली:

पगडी-गोगलगायीची झाकणे, नग २४. कमाल लांबी (ब्लाउजपीससह): ६.३० मीटर.