निरगुडसरचं एक अक्षर

बंगळूरच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा नारायणगावच्या स्टँडवर वडील चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "सुई बघून याला घेरी येती, आन् ह्यो निघाला रगात तपासाया!" त्याला वीस वर्षं झाली. अजून मी नळ्याच तपासतो. सुई दुसरे टोचतात. गावी, निमगाव सावाला, फोन केला की पुतणे हसतात, "काका, तुमी टीव्हीवानी बोलता."

दादाच्या आर्याला चौथ्या वर्षी तिसरा न्यूमोनिया झाला, आणि घरात मीच डॉक्टर ठरलो. आई वहिनीला बोलायची, "आमच्यात असलं काय नव्हतं. तुझ्या आईकडनं आलंय." वहिनी म्हणजे निरगुडसरच्या मामांची, आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. टोमणा आईच्या भावजयीला असायचा, ऐकायची वहिनी. आणि मी? लांब बसून "बघू" म्हणायचो.

पुण्याच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी सांगितली. आर्याबरोबर दादा, वहिनी, आई आणि मामा यांचंच रक्त हवं होतं. जीपमधून उतरले अकरा जण, आणि रक्त म्हणजे उपाशीपोटीच, म्हणून चहासुद्धा न घेता!

रिपोर्ट आला तेव्हा मी घरी जाऊन समजावला. पेशी जनुकातला मजकूर उतरवून घेते, नको ते तुकडे कापते, कामाचे जोडते. आर्याच्या एका जनुकात एक अक्षर बदललं होतं, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत कापणी भलत्या जागी होत होती.

"म्हंजी ठिबकची नळी नको तिथं कापून जॉइनर मारला," दादा म्हणाला. वीस वर्षांत मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

मग अवघड भाग. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं. वहिनीला तो मामांकडून मिळाला होता, दादाला आईकडून.

आई वहिनीकडे वळली. "म्हंजी माझ्याच माहेरचं हाय. पोरी, तुला आन् तुझ्या आईला लई बोलले मी."

"ऱ्हाऊ द्या, आत्या. भावजी, यावर विलाज हाय का, ते सांगा."

होता. आता दर महिन्याला आर्याला सलाइनमधून तयार प्रतिपिंडं देतात. ती बालवाडीत जाते. पुण्याला वहिनीबरोबर आई जाते, कुणी न सांगता.

मीही तपासून घेतलं. ते अक्षर माझ्यातही आहे, एकाच बाजूचं, म्हणून निरुपद्रवी. हे कळल्यावर आर्यानं दवाखान्यातून व्हिडिओ कॉल केला, "काका, तुमच्यातबी चुकलंय ना? मग या की! माझ्या शेजारची खाट रिकामी हाय."

घर कुठं, असं कुणी विचारलं तर हल्ली मला ती खाट दिसते. शनिवारचं तिकीट काढलंय.