राजाची अडीच घरं

माझे सासरे तोतारामनाना धुळ्याच्या बाजार समितीत तीस वर्षं मापाडी होते. आता रिटायर. घरात त्यांचं कोणी ऐकत नाही, मी तर नाहीच. त्यांना मान फक्त गावच्या पारावर, बुद्धिबळाच्या पटापुढे. समोर कायम धनसिंगभाऊ, शाळेपासूनचे वैरी आणि रोजचे सोबती.

गेल्या वर्षी धुळ्याच्या स्पर्धेत दहा वर्षांच्या पोरीनं नानांना हरवलं. धनसिंगभाऊंनी ते वर्षभर गावाला ऐकवलं. यंदा पहिल्याच फेरीत दोघांची गाठ पडणार असं कळलं, आणि नाना पारावर गरजले, "हारनू ते आठे पाय ठेवाव नही!"

शेवंताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हादरल्या. "सारिका, हाऊ माणूस दिवसभर घरमा? मी मरी जासू वं माय!"

म्हणून मी नानांच्या फोनवर बुद्धिबळाचं इंजिन टाकलं. ते बाण काढून चाल सुचवतं. पहिलाच बाण, राजापुढचं प्यादं एकदम दोन घरं. नाना खवळले. पारावरचा कायदा वेगळा ना! सुरुवातीला दोन प्यादी एकेक घर सरकवायची. आणि शह बसायच्या आत राजाला घोड्यासारखी एक उडी, अडीच घरं. इंजिन मात्र राजाला दोन घरं बाजूला सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायला सांगत होतं.

"तुनं मशीन चोट्टं शे!" नानांनी फोन उशीखाली कोंबला.

दुसऱ्या दिवशी फोन परत काढला आणि नुसते बाण पाठ केले. समोरचा काहीही खेळो, नाना आपले पाठांतरावर. तीनदा वजीर गेला. शेवटी मीच वैतागले. "बाण मरू द्या नाना, शेजारचा आकडा बघा. शून्य पूर्णांक तीन. म्हणजे तुमचं पारडं प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं जड."

नाना ताडकन उठून बसले. "म्हंजे पासंग!"

तराजूचा तो बारीकसा झुकाव मापाड्याला बरोबर ठाऊक. झालं, गाडी रुळावर आली. मुद्दाम वाकडी चाल खेळून पारडं किती झुकतं ते बघायला लागले. घोडा-उंट बाहेर काढा, मधली घरं धरा, राजा कोपऱ्यात निजवा. यंत्र इतके दिवस एवढंच कोकलत होतं, हे त्यांना चार दिवसांत कळलं. मला खरंच कौतुक वाटलं, तोंडावर बोलले नाही.

स्पर्धेत पहिल्या चार चाली अशा झक्कास, की धनसिंगभाऊंना घाम फुटला. पाचवीला राजा कोपऱ्यात न्यायचा. नानांनी राजा उचलला आणि चाळीस वर्षांची सवय हो, अडीच घरं उडवून पटाच्या भर चौकात नेऊन बसवला!

"चुकीची चाल. या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे डाव गेला," पंच म्हणाला.

धनसिंगभाऊच उसळले. "कसा काय गया? राजाले एक उडी राहस! बठ्ठा गावले इचार!" जिंकलेला माणूस आपण जिंकलो नाही म्हणून भांडत होता. पंचानं दोघांनाही बाहेर काढलं, निकाल तोच ठेवला.

संध्याकाळी नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. पाराकडे जायची वेळ टळली तरी उठेनात. शब्दाला पक्के, मेले! मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ओट्यावर चपला वाजल्या. धनसिंगभाऊ काखेत पट घेऊन आले होते, मागे पारावरचे सहा जण.

"तू तठे येत नही, मंग आम्हीच आठे उनूत. ऊठ. तुना राजा उडेल शे, तठूनच खेळूत."

नाना डोळे पुसत उठले. एक माणूस दिवसभर घरात नको म्हणून आम्ही एवढी खटपट केली होती. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि आठ कप चहाचं आधण ठेवलं.