उपदेशाच्या बाई

बाईंना राग येत नसे. त्यांना किळस येई. आमटीत केस निघाला की माणूस आरडाओरडा न करता क्षणभर वाटीकडे बघतो आणि ती बाजूला सारतो. आमचा उपदेश ऐकताना बाई तशा बघत. त्या एका नजरेनं तीन वर्षांत आमची जेवढी लाज निघाली, तेवढी घरच्यांनी उभ्या जन्मात काढली नव्हती.

आमचं ल्युथरन कॉलेज म्हणजे सोलापुरातल्या एका जुन्या गिरणीमागची दुमजली इमारत, एक चॅपल आणि गळक्या टाकीचं वसतिगृह. गावोगावच्या चर्चच्या मंडळ्यांसाठी पाळक, म्हणजे पाद्री, तयार करायचे, एवढंच तिथलं काम. आमच्या वर्गात आम्ही दहा जण होतो. बाकीचे सर इतिहास शिकवत, ग्रीक शिकवत, सिद्धांत शिकवत. व्यासपीठावर उभं राहून उपदेश कसा करायचा, हे मात्र बाई शिकवत. शाळेत गणिताच्या बाई असतात, तशा या उपदेशाच्या बाई. साठी उलटलेली, अंगानं किरकोळ, खांद्याला कापडी पिशवी. जुळे सोलापूर भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून रिक्षानं यायच्या आणि वर्गात शिरतानाच विचारायच्या, “आज कोण छळणार आहे?”

माझी पाळी आली तेव्हा मी दोन दिवस खपून ‘दुःखाचे रहस्य’ असा उपदेश लिहिला होता. मी मंगळवेढ्याकडचा. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. आजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालं, मेंढरं मात्र चुलत्याकडं राहिली. माझी बोली कुणाला कळू नये म्हणून मी शब्दकोशातून वेचून वेचून शब्द घेतले होते. “मानवी जीवनाच्या दुःखाच्या अथांग सागरात,” मी सुरुवात केली.

“थांब,” बाई म्हणाल्या. “मंगळवेढ्याला सागर कुठे आहे?”

“न्हाय, बाई.” घाबरल्यावर तोंडातून खरी भाषा निघाली.

“मग तू बुडालास कशात? दुःख कुणाचं ते सांग. नाव सांग, गाव सांग.”

पोरं हसायला लागली. शेवटी मी चुलत्याचं सांगितलं. कोवळी ज्वारी खाऊन त्याची अकरा मेंढरं एका दुपारी फुगून मेली आणि दिवस मावळेपर्यंत तो एकेकीचं नाव घेत बांधावर बसून होता. माझ्या आईनं भाकरी नेली, तर म्हणाला, “वयनी, आधी त्यास्नी बोलीव की.” एवढं सांगून मी थांबलो.

“हं,” बाई म्हणाल्या. “आता माणसासारखा बोललास. तो तुझा सागर कुणाच्या आईला कळणार होता? आणि आईला कळत नाही ते देवाला कशाला सांगतोस?”

आम्ही पाळक व्हायला निघालेले लोक मोठे विनोदी होतो, हे मला आज दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच सगळ्यांनी झगे शिवायला टाकले होते. कॉलर लावून चॅपलच्या पायरीवर फोटो काढायचे, ते गावाकडं पाठवायचे आणि गावातली म्हातारी माणसं ‘पाळकसाहेब’ म्हणाली की आवाज आपोआप जड करायचा. प्रार्थना सांगतानाचा आवाज वेगळा, मेसमध्ये पोळी मागतानाचा वेगळा. एकदा आम्ही असे फोटो काढत असताना बाई पायऱ्या चढून आल्या. जरा थांबल्या. “कॉलर छान पांढरी आहे,” म्हणाल्या, “माना धुतल्यात का बघा,” आणि आत गेल्या.

त्या स्वतः कधीही व्यासपीठावर चढल्या नव्हत्या. ईश्वरशास्त्राची पदवी त्यांच्याकडं होती, आमच्या प्राचार्यांपेक्षा चांगल्या गुणांची. पण आमच्या मंडळ्यांत बाईमाणसाला पाळकीय दीक्षा देत नाहीत. त्यांचे यजमान पाळक होते. ते वारल्यालाही बरीच वर्षं झाली होती. एकदा रिक्षापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेलो, तेव्हा मी विचारलं की पाळकसाहेब उपदेश कसा करायचे.

“उपदेश मी लिहायचे,” बाई म्हणाल्या. “चौदा वर्षं. ते वाचायचे. मी दुसऱ्या बाकावर बसून ऐकायचे. एकाही स्वल्पविरामाला माणूस थांबला नाही.” मग रिक्षाला हात करत म्हणाल्या, “दीक्षेसाठी मी अर्ज केला होता. विचार चालू आहे, असं सांगितलं.”

“मग पुढं?”

“चालूच आहे.”

पण बाईंना देवी करून टाकायचं नाही. त्यांच्या तिटकाऱ्यानं एक माणूस खरंच मोडला. शांतकुमार अक्कलकोटकडचा होता. घरात कानडी, त्यामुळं मराठी अडखळत यायची, आणि उभं राहिलं की घाम सुटायचा. दुसऱ्या वर्षी त्याचा उपदेश तिसऱ्यांदा अडकला, तेव्हा बाई कंटाळून म्हणाल्या, “तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, बस.” त्यानं त्याच दुपारी ट्रंक बांधली. पुढं कळलं की बाई दोनदा एस.टी.नं अक्कलकोटला जाऊन आल्या. तो आला नाही. वर्गात त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मात्र त्यानंतर कुणी अडखळलं तर त्या खिडकीबाहेर बघत थांबायच्या, पाच पाच मिनिटं.

शेवटच्या वर्षी चॅपलमध्ये परीक्षेचा उपदेश द्यावा लागे. त्यात बाईंनी उत्तीर्ण केल्याशिवाय पदवी नाही, असा नियम होता. प्रीतम आमच्या वर्गातला, सगळ्या मंडळ्यांचा कारभार बघणाऱ्या आमच्या सभेच्या अध्यक्षांचा सख्खा पुतण्या. दिसायला देखणा, आवाज भरदार, अभ्यासाशी वैर. त्यानं मोबाइलवर कुणाचा तरी उपदेश काढला आणि तो बघून वाचायला लागला. वाचता वाचता गहिवरून म्हणाला, “परवा माझी चार वर्षांची मुलगी मला म्हणाली, पप्पा, देव कुठे राहतो?”

“लग्न कधी झालं तुझं?” बाईंनी विचारलं.

चॅपलमध्ये असा हशा पिकला की प्राचार्यसुद्धा रुमालाआड हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रीतमला नापास केलं.

हसणारे प्राचार्य दुसऱ्या दिवशी बाईंना समजवायला लागले. बाई म्हणाल्या, “त्याला परत उपदेश करू दे. स्वतःचा. मी पास करते.” प्रीतमला ते कमीपणाचं वाटलं, काकांना त्याहून. आठवड्याभरात एक अर्ज तयार झाला. बाईंना व्यासपीठाचा अनुभव नाही, त्या विद्यार्थ्यांचा अपमान करतात, त्यांच्यामुळं एका विद्यार्थ्यानं शिक्षण सोडलं, सबब त्यांनी दिलेले गुण ग्राह्य धरू नयेत. ज्यांनी बाईंना चाळीस वर्षं व्यासपीठावर चढू दिलं नाही, तेच लोक त्यांना व्यासपीठाचा अनुभव नाही म्हणून लिहीत होते.

प्राचार्यांनी आम्हाला एकेकट्याला बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी अर्जाचं नावही काढलं नाही. म्हणाले, “कुर्डुवाडीची जागा रिकामी होतेय. रेल्वेतली नोकरदार माणसं, समजूतदार मंडळी. क्वार्टर आहे, दारात नळ आहे. तुझं नाव डोक्यात आहे.” मग कागद माझ्याकडं सरकवला. शांतकुमारची गोष्ट खरीच होती, असं मी मनाला सांगितलं. अर्जात एक तरी गोष्ट खरी असली की सही करणं किती सोपं जातं! मी सही केली. प्रीतम सोडून आम्ही आठही जणांनी केली. बाईंना कळवण्यात आलं की यापुढं येण्याची तसदी घेऊ नये.

पदवीदान एप्रिलमध्ये झालं. सोलापूरचा एप्रिल, वर पत्र्यासारखा तापलेला मांडव आणि खाली काळ्या झग्यांत आम्ही आठ मूर्ख. नववा प्रीतम, पहिल्या खुर्चीवर. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या पत्नीचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. प्रमुख पाहुणे नम्रतेवर सव्वा तास बोलले. मग प्राचार्यांनी या वर्षीच्या उत्कृष्ट उपदेशकाचं पारितोषिक जाहीर केलं, आणि प्रीतम उठला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

वाजवता वाजवता मला मागच्या रांगेत बाई दिसल्या. बोलावणं नव्हतंच, आल्या होत्या. आईबापांसाठी मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत, नेमक्या माझ्या आईशेजारी बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी बाजूनं सटकणार, तेवढ्यात आईनं हाताला धरून मला त्यांच्यापुढं उभं केलं.

“बाई, ह्यो लई नाव काढतो बगा तुमचं,” आई म्हणाली. “तुमच्यामुळंच चार शब्द बोलाय शिकला. फोटो काढा की दोगं संगट.”

आई मोबाइलवाल्या भाच्याला शोधायला गेली. मी मान खाली घालून म्हणालो, “बाई, सही मी पण केली.”

“माहीत आहे. चौथी सही. तुझं अक्षर ओळखते मी.”

“चुकलं माझं.”

“सहीचं मला काही नाही,” बाई म्हणाल्या. “पण तिथं तरी खरं लिहायचं होतंस. ‘मला कुर्डुवाडी पाहिजे’, एवढंच. मी स्वतः शिफारस केली असती.”

तेवढ्यात आई आली. तो फोटो माझ्याकडं आहे. त्यात आई सोडून कुणी हसत नाही.

कुर्डुवाडीला क्वार्टर मिळालं, नळाला पाणीही आलं. दीड वर्ष मी तिथं रविवारमागून रविवार उपदेश केला आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आपण चोरीच्या जागेत उभे आहोत. शेवटी एक दिवस सोलापूरची गाडी पकडली, जुळे सोलापुरात जाऊन बाईंची बेल वाजवली आणि दारातच सांगितलं, “बाई, पुढच्या रविवारी आमच्यात उपदेश तुमी करायचा.”

त्यांनी आत घेतलं, चहा दिला. “प्रायश्चित्त घ्यायला माझा उपयोग करू नकोस.”

“तसं न्हाय. आमच्या मंडळीतल्या बायका विचारतात, आपल्यातलं कुणी कधी बोलणार.” हे खरं होतं.

“अध्यक्षांना विचारलंस?”

“न्हाय.”

“कुर्डुवाडी जाईल.”

“जाईल की.”

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “किती वाजता असते उपासना?”

त्या रविवारी चर्च भरलं होतं. बाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या. व्यासपीठाची तीन पायऱ्यांची चढण त्यांनी कठड्याला धरून पार केली. आणि मग जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी कागद काढून समोर धरले. त्या वाचायला लागल्या, खाली मान घालून, घाईघाईनं, कुठंही न थांबता. ‘मानवी जीवन’ आलं, ‘अनंत करुणा’ आली. आमच्यातल्या कुणी असा उपदेश केला असता, तर त्यांनी दुसऱ्या वाक्याला बसवलं असतं. पंचवीस मिनिटं त्या वाचत होत्या. पुढच्या बाकावरच्या बायका मात्र एकटक बघत होत्या. त्यांतल्या एकीनं डोळे पुसले. तिला काय ऐकू आलं कोण जाणे. मला फक्त वेळेवर न मिळालेली चाळीस वर्षं ऐकू येत होती. आणि ती ज्यांनी अडवून ठेवली, त्या सत्कारप्रेमी लोकांचा इतका तिटकारा मला आधी कधी आला नव्हता.

दुपारी आम्ही कुर्डुवाडी स्टेशनच्या बाकावर बसलो. गाडीला वीस मिनिटं होती.

“कसं झालं?” बाईंनी विचारलं.

चांगलं झालं, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. “वाईट झालं, बाई.”

“किती?”

“लई वाईट.”

बाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. “शिकलास,” म्हणाल्या. “माझ्याकडून एक तरी शिकला. आता पुढच्या वेळी मी कागद आणणार नाही.”

पुढची वेळ आली नाही. तीन आठवड्यांत माझ्या बदलीचा हुकूम आला, मंगळवेढ्याच्याही पलीकडं, पत्र्याच्या चर्चच्या एका वाडीवर. मी तिथंच आहे, आणि बरा आहे. बाई गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या.

अंत्यविधीला अध्यक्षसाहेब स्वतः आले. पंचावन्न मिनिटं बोलले. आदर्श पत्नीचे गुण सांगितले. ‘दिवंगत पाळकांच्या सुविद्य पत्नी’ असा बाईंचा उल्लेख चार वेळा केला, नाव एकदाही घेतलं नाही. मी मागं उभा होतो. शेजारी प्रीतम, आता शहरातल्या मोठ्या मंडळीचा पाळक. माती द्यायला रांग लागली, तेव्हा तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “साहेब काय सुंदर बोलले ना?”

“न्हाय,” मी म्हणालो. “लई वाईट बोलले. ज्यांना पुरतोय त्यांचं नावसुद्धा त्यांना ठाऊक न्हाय.”

प्रीतमनं दचकून इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. ऐकलं होतं. पुढच्या तीन रांगांनी ऐकलं होतं, आणि मान वळवून बघणाऱ्यांत अध्यक्षसाहेबही होते. मी बाईंचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं आणि मूठभर माती टाकली.