खोबरेल

भागीमावशी कुणाच्याही घरात शिरली की पाणी प्यायच्या आधी तिथली शिवणाची मशीन हुंगायची. झाकण उचलून नाक थेट चाकापाशी. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, मी चौलला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि तिच्या शेजारची खोली घेतली. सामान उतरतंय न उतरतंय तोच एक किडकिडीत, पांढऱ्या कपाळाची बाई माझ्या मशिनीला नाक लावून उभी. मला वाटलं, हिचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय. तेल कुठलं घालता, असं तिने विचारलं. घरच्या नारळाचं, मी तोऱ्यात सांगितलं.

"बाई, खोबरेल केसांना. मशिनीला न्हाय. ती मरत न्हाय त्यानं, पन मेल्यावानी व्हते."

आमच्याकडे सगळेच हे करत. परसात माड, मग दिव्याला तेच तेल, डोक्याला तेच आणि मशिनीलाही तेच. काही महिन्यांत ते आत डिंकासारखं घट्ट होई, वर खारा वारा, आणि एक दिवस चाक जागचं हलेना. मोडली म्हणून लोक मशीन भंगारात देऊन टाकत. मावशी रेवदंड्याच्या, अलिबागच्या भंगारवाल्यांकडे चकरा मारून असल्या मशिनी हुडकून आणायची. घासलेटात भिजत ठेवायची, कोंबडीच्या पिसाने सांदीकोपऱ्यातला चिकटा काढायची. भंगारवाल्याने स्वतःच तोडलेलं लोखंड आधीचंच मोडकं म्हणून थाप मारली तर त्यालाच ऐकवायची, "जुनं तुटलेलं काळं असतं, नवं तुटलेलं पांढरं. मला नको शिकवू."

तिसऱ्या दिवशी चाक फिरलं की चिंधीवर टाक्यांची पहिली ओळ घालायची. ती चिंधी उजेडात धरून बघताना तिचा चेहरा असा फुलायचा की मलाही हसू यायचं. पण हे सुख जेमतेम घटकाभर टिके. मग ती मशीन कुणा गरजवंत बाईला देऊन टाकायची आणि पायरीवर येऊन बसायची. "ही बी जितीच निघाली," असं म्हणायची, ते एखादी वाईट बातमी सांगावी तसं. मला याचा अर्थच लागत नसे.

तो एका दुपारी तिनेच सांगितला. नवरा तापाने गेला तेव्हा तिची सुमन चार वर्षांची होती. आईने दिलेल्या मशिनीवर चोळ्या, परकर शिवून ती दोघींचं पोट भरत होती. मशिनीला घालायची अर्थातच खोबरेल. एक दिवस चाक अडकलं. दोन महिने काम नाही, चुलीला विस्तव नाही. शेवटी तिने मशीन भंगारात दिली आणि पोर मुंबईच्या नणंदेला. नणंदेला मूलबाळ नव्हतं. वर्षभराने कुणीतरी तिला घासलेटाची युक्ती दाखवली. सुमन आता चौदा वर्षांची होती. मे महिन्यात चार दिवस यायची आणि जन्मदात्या आईला मामी म्हणायची.

"मला ती मशीन नको बाई. तिचं आतून मोडलं व्हतं का, येवढंच बघायचंय. मोडलं असंल तर माझा विलाज नव्हता. नुसती अडकली असंल, तर..."

आणि ती मशीन सापडली. अलिबागला, एका दुकानाच्या मागल्या पडवीत. खालच्या लाकडी पाटाच्या कोपऱ्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या. दात येताना सुमनने तो कोपरा चावून काढला होता. मावशीने मशीन एस.टी.तून मांडीवर धरून आणली. घरात सारखी डोळ्यांसमोर नको, म्हणून माझ्याच पडवीत भिजत घातली आणि मला हात लावू नका म्हणून बजावलं. दोन दिवस ती जेवली नाही. ती मोडकीच निघू दे म्हणून देवाला विनवत होती. असलं मागणं मागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली, परत येऊन चाक फिरवणार होती. मला राहवलं नाही. मी चाकाला बोट लावलं.

ते फिरलं. एका बोटाने, हलकं, जसं काही कधी अडकलंच नव्हतं. मला रडूच फुटलं. दहा वर्षं ही बाई ज्याला भीत होती तेच माझ्या बोटाखाली फिरत होतं. मग मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, मशिनीची मागची झडप उघडली आणि आतल्या दातेरी चाकावर घातला. बिडाचं चाक ते. दोन दात तुटून पडले, ते मी ओच्यात लपवले.

मावशी आली. मी म्हणाले, "मावशी, आतून दात तुटलेत. तुमचा इलाज नव्हता."

ती वाकली. सवयीने तिने आधी हुंगलं. मग त्या चाकाकडे बघत राहिली. दात तुटले होते ती जागा पांढरीशुभ्र चकाकत होती, आणि भंगारवाल्याला ती काय ऐकवायची ते मला तेव्हा आठवलं.

शेजारी घासलेटाची वाटी होती, तिच्या तळाला काळा गाळ बसला होता. त्यात मावशीने बोट बुडवलं आणि ते त्या पांढऱ्या जागेवर चोळलं, सावकाश, दोन्ही जागा पुरत्या काळ्या होईपर्यंत. मग पदराला बोट पुसलं.

"व्हय बाई," ती म्हणाली, "मोडलेलीच व्हती."