परवीनला परत घ्यायचं का?

रविवारी जेवणानंतर मी झोपत नाही, नुसती पाठ टेकते. आमच्या घरात यावर कोणाचा विश्वास नाही. मिस्टर म्हणतात, पाठ टेकणारी माणसं घोरत नाहीत. असो. पोटात पांढरा रस्सा आहे, वर पंखा कुरकुरतोय, पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग खडखडतायत. त्या खडखडाटाशिवाय इचलकरंजीत कोणाला झोप लागत नाही. पाच वाजता मला मंडळाच्या बैठकीला जायचंय आणि बैठकीत विषय एकच आहे, परवीन मुल्लाणीला संघात परत घ्यायचं की नाही.

मी मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाची प्रशिक्षक. म्हणजे मगदूम आण्णांच्या नंतरची; आधी त्यांच्याच हाताखाली खेळले, मग त्यांची मदतनीस झाले. परवीन आण्णांनीच घडवलेली. आण्णा तिला सामनाभर राखीव बाकावर बसवायचे आणि पाणी गळ्याशी आलं की शेवटच्या पाच मिनिटांत चढाईला सोडायचे. ती जायची, गुण घेऊन यायची आणि लाजून ओढणी शोधायची. मग पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली आणि ती त्यांच्या संघाकडून खेळायला गेली, आण्णांना न सांगता. त्या दिवशी आण्णा सगळ्या मुलींसमोर म्हणाले, ही पोरगी या मैदानावर परत दिसता कामा नये. पुढे आण्णा वारले. शब्द मात्र मागे राहिला.

आता पुण्यात परवीनची पार दैना झालीय. या मोसमात ती चढाईला गेली की पकडली जायची. गुडघा सुजतो. कंपनीनं नोकरीत ठेवलं आणि संघातून काढलं. ती म्हणते, मॅडम, मला परत घ्या. निम्मी कमिटी म्हणते घ्या, निम्मी म्हणते आण्णांचा शब्द. राज्य स्पर्धेसाठी बारा नावं आज कळवायची आहेत आणि बारावं नाव माझ्यावर सोडलंय. परवीन आली तर श्रावणी ही नवी मुलगी बाहेर जाईल. विचार करकरून माझं डोकं शिणलंय. मी कूस बदलते.

डोळा लागतो न लागतो तोच माग थांबतात.

आण्णा आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेत. पांढरा लेंगा, गळ्यात शिट्टी. आण्णांना जाऊन वर्ष उलटून गेलं हे मला स्वप्नातही माहीत आहे, पण मला पहिली काळजी वाटते ती मटणाच्या पातेल्याची. आण्णा जैन. रविवारी आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नसत.

“झाकण ठेव त्याच्यावर,” आण्णा म्हणतात.

“ठेवलंय.”

“वास येतोय की.”

“आज रविवार आहे, आण्णा. तुम्ही उद्या यायचं.”

“उद्या येऊन काय करू? बैठक आज हाय न्हवं?”

ओट्याशेजारी सूत व्यापाऱ्याचा मोठा काटा उभा आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी आण्णा आम्हा मुलींची वजनं या काट्यावर करायचे. कोणी वजनात बसली नाही तर तिला रात्री भाकरी नाही आणि सकाळी मैदानाला फेऱ्या. मी न सांगता काट्यावर चढते.

“तू बसत न्हाईस वजनात,” आण्णा म्हणतात.

“मी आता खेळत नाही.”

“ते दिसतंयच.”

मी चिडून काट्यावरून खाली उतरते ती थेट एसटीत. आम्ही स्पर्धेला निघालोय बहुतेक. आण्णा खिडकीशी बसलेत. सीटच्या जागी आमच्या मैदानावरचा राखीव बाक आहे, एका बाजूला कललेला. बाहेर ऊस आहे, मग परत तोच ऊस आहे. गाडीत दुसरं कोणी नाही, कंडक्टरसुद्धा.

“गुडघा गेलाय तिचा,” आण्णा म्हणतात.

“सुजतो. गेलेला नाही.”

“पाय टाकताना डावीकडं झुकती ती. मी बगितलंय.”

“कुठून बघितलंत?”

आण्णा खिडकीची काच वर करायला लागतात. काच नेहमीसारखी अडकते. ते तिला दोन बुक्क्या घालतात आणि माझ्याकडे वळतात.

“आनि गेली ती गेली, कुमे. मंडळ म्हंजे काय धर्मशाळा हाय? वाटलं तवा यायचं, वाटलं तवा जायचं?”

“नोकरी लागली म्हणून गेली ती.”

“मग सांगून जायचं. मी काय धरून ठेवणार होतो?”

“हो, धरून ठेवणारच होतात. म्हणून तर तिला भीती वाटली.”

“मला सगळ्या भितात. तू कुठं भितीस?”

“मीपण भितेच. नाहीतर एवढे दिवस तुमचा शब्द घेऊन बसले असते का?”

गाडी एका गावात शिरते आणि ते गाव म्हणजे आमच्या शाळेचा व्हरांडा आहे. वर्गांच्या दारातून मुली डोकावतात आणि मागे जातात.

“आणि सांगून जायचं म्हणाल,” मी म्हणते, “तर तुम्ही तरी कुठे सांगून गेलात?”

“मी काय पुण्याला गेलो काय?” आण्णा हसतात. मिशीतल्या मिशीत, तसेच.

मला हसू येत नाही. मला राग येतो. उपांत्य सामना तोंडावर आलेला असताना हा माणूस सकाळी दात घासता घासता गेला. मागे बारा मुली रडत बसल्या आणि मधोमध मी, शिट्टी कशी फुंकायची तेही विसरलेली. मला रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तो सामना आम्ही हरलो. यातलं मी आण्णांना काहीच बोलत नाही. मी परवीनबद्दल बोलते.

“पुण्यात तिला पहिल्या मिनिटापासून खेळवायचे, आण्णा.”

“मग? चढाईपटूला काय शोभेला ठेवतील?”

“तुम्हाला ठाऊक आहे मी काय म्हणतेय ते. ती या बाकावर बसून बघायची. कोपऱ्यातली मुलगी कुठल्या पायावर भार देते, मधली कधी दचकते, दमल्यावर कोण हात खाली सोडते. सामनाभर बघून मग आत जायची. मी शेजारी बसायचे ना, मला कानात सांगायची. पुण्यात तिला कोणी बसूच दिलं नाही. ती आंधळी आत जायची आणि पकडली जायची. त्यात गुडघ्याचा काय दोष?”

आण्णा शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळतात, सोडतात.

“हे कमिटीला सांगितलंस?”

“आज सांगणार.”

“आनि ती नवी पोरगी? तिचं नाव खोडणार?”

“हो.”

“रडंल ती.”

“रडेल.”

श्रावणी रोज सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर पाणी मारते. खेळतेही बरी. पण शेवटच्या पाच मिनिटांत तिचे पाय लटपटतात, आणि ते तिलाही ठाऊक आहे.

“मी न्हाईच म्हणणार,” आण्णा म्हणतात. “मेलं म्हणून मत बदलतंय व्हय?”

“मग मी काय करू?”

“ये.”

ते उठतात आणि चालायला लागतात. एसटीच्या फळ्या संपतात आणि माती सुरू होते, आमची तांबडी, चाळून घेतलेली माती. पांढऱ्या फक्कीच्या रेषा ताज्या मारलेल्या. आण्णा मधली रेषा ओलांडून पलीकडच्या अर्ध्या मैदानात जातात आणि कोपऱ्यात वाकून उभे राहतात. मी बावन्न वर्षांची, अंगावर घरातली साडी. मी वाकते, माती कपाळाला लावते आणि आत जाते.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज माझाच आहे, पण विशीतला.

मी डावीकडे जाते, उजवीकडे जाते. आण्णा हलत नाहीत. मी बोट लांबवते, आणि पुढच्या क्षणी तोंडावर आपटलेली असते. घोटा आण्णांच्या हातात. घोट्याची पकड ही आण्णांची खासियत. त्यांच्या हातून सुटलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, पकडलेल्या चढाईपटूनं दम न सोडता मधल्या रेषेला नुसतं बोट लावलं तरी तो सुटतो. आणि ज्यानं त्याला धरलेलं असतं तो बाद. त्यानं मैदानाबाहेर जायचं.

आण्णांचा हात गरम आहे. हे मला अपेक्षित नव्हतं. रेषा हातभर पुढे आहे आणि मला वाटतं, राहू दे. धरून ठेवू देत. बैठक गेली खड्ड्यात. मी रेषेला हात लावला तर आण्णा बाद होणार, आणि मला ते व्हायला नको आहेत. आधी एकदा झालेत तेवढं पुरे.

“दम!” मागून आण्णा ओरडतात. “दम सोडू नको, कुमे! हात लांब कर!”

आणि पकड तसूभरही सैल करत नाहीत. ते मला जिंकू देत नाहीयेत. त्यांनी कधीच कोणाला जिंकू दिलं नाही. ते धरतायत आणि शिकवतायत, दोन्ही एकदम, आयुष्यभर केलं तसं. कबड्डी, कबड्डी. मी कोपरांवर सरकते. घोटा निखळतो की काय असं वाटतं. मी खांद्यापासून हात रेषेकडे फेकते.

माग खडखडतायत. पंखा कुरकुरतोय. मिस्टर चहाचा कप घेऊन दारात उभे आहेत.

“पाठ टेकली होतीस ना?” ते विचारतात. “मग कबड्डी कबड्डी काय चाललं होतं?”

मी उठून बसते. कप घ्यायला हात पुढे करते तेव्हा दिसतं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखात पांढरं काहीतरी भरलंय. जेवून मी साबणानं हात धुतले होते. मैदानावर काल गेले नाही, आज गेले नाही. बोट नाकाशी नेते. फक्कीच आहे. मिस्टरांना काय झालंय ते कळत नाही, कारण मी चहा तसाच धरून रडायला लागलेय. वर्षभराचं एकदम.

थोड्या वेळानं मी नाक पुसते आणि परवीनला फोन लावते.

“ये,” मी म्हणते. “पण आल्या आल्या आत सोडणार नाही. आधी बाकावर बसायचं आणि बघायचं.”

ती हळूच विचारते, “आणि मॅडम, आण्णांचा शब्द?”

“आण्णा बाद,” मी म्हणते, आणि बारावं नाव लिहायला पेन शोधते.