पॅनलवरचे लाल आकडे

नांदेडला मी चार वर्षं कापसाच्या जिनिंग मिलच्या विजेच्या पॅनलची ड्रॉइंगं काढली, आणि लग्नानंतर लातूरला येऊन नवी नोकरी धरली तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की आपण निरक्षर आहोत. नांदेडच्या वर्कशॉपमध्ये सगळा अमेरिकन कारभार होता. कधीकाळी कापसाच्या एका मशीनबरोबर तिकडची ड्रॉइंगं आली, मालकांना ती आवडली, झालं. शिडीसारखं ड्रॉइंग, डाव्या कडेला प्रत्येक पायरीचा आकडा, आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, ज्या पायरीवर काढला तो आकडाच त्याचं नाव. लातूरला युरोपची पद्धत. इथं मोटर चालू-बंद करणाऱ्या ठोकळ्याला, म्हणजे कॉन्टॅक्टरला, के म्हणायचं. के-च्या आधी पानाचा आकडा, नंतर रकान्याचा. नांदेडला मी त्यालाच एम लिहीत असे. इथं एम म्हणजे खुद्द मोटर. पहिल्या महिन्यात माझ्या कागदांवर इतक्या लाल खुणा यायच्या की मी डबासुद्धा कोपऱ्यात बसून खायची.

मग मी हट्टानं शिकले आणि भलतीच कडक झाले. नव्यानं माळ घातलेला माणूस जसा दुसऱ्यांच्या ताटात डोकावतो, तशी मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमध्ये डोकावायला लागले. त्याच तोऱ्यात मी त्या डाळमिलमध्ये गेले.

मिलनं डाळ निवडायचं एक युरोपियन मशीन घेतलं होतं. ते जोडायचं तर जुन्या पॅनलचं ड्रॉइंग हवं, आणि जुनं ड्रॉइंग उंदरांनी खाल्लेलं. नवीन काढायचं काम माझ्याकडे आलं. पॅनल उघडलं तर आत अकरा कॉन्टॅक्टर, सगळे एकसारखे, आणि प्रत्येकाखाली लाल ऑइलपेंटनं हातानं लिहिलेला आकडा. वरच्या रांगेत सात, दोन, अकरा, चार. खालच्या रांगेत त्याहून गोंधळ. नांदेडचा कायदा नाही की लातूरचा नाही. मी मनात म्हटलं, हे रामभरोसे काम दिसतंय.

विचारायला मिलचे मिस्त्री जाग्यावर नव्हते. सगळे त्यांना चाचा म्हणत. साठीला टेकलेले, वीस वर्षं त्याच मिलमध्ये. लेकीच्या लग्नासाठी चार दिवस उदगीरला गेले होते. मी थांबले नाही. थिनरनं आकडे पुसले, नव्या मशीनला जागा व्हावी म्हणून काही कॉन्टॅक्टर सरकवले, आणि सगळ्यांवर छापील पट्ट्या चिकटवल्या. पॅनल इतकं देखणं दिसायला लागलं की मी मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

दोन आठवड्यांनी, ऐन तुरीच्या हंगामात, मिल बंद पडली. मिलच्या शेठचा फोन आला आणि मी स्कूटीवर निघाले. दारात तुरीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. चाचा सकाळपासून पॅनलपुढे उभे होते, हातात टॉर्च, कपाळावर घाम. मी ड्रॉइंग उघडलं, तीन पानं उलटली, मीटर लावला आणि दहा-पंधरा मिनिटांत सैल झालेली वायर शोधून काढली.

शेठ चाचांकडे वळले. "चाचा, पोरीनं पंधरा मिनिटात काढलं. तुम्ही चार तासापासून टॉर्च मारून राह्यले. आता घरी बसा तुम्ही. मी डिप्लोमावाला पाह्यतो एखादा."

खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला बरं वाटलं.

मी वायर आवळली, बटण दाबलं. पॅनलमध्ये एकेक कॉन्टॅक्टर ठक्क आवाज करून चालू व्हायला लागला, आणि प्रत्येक ठक्कबरोबर चाचांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत होता. अकराव्याला तो थांबला.

"काय मोजता, चाचा?"

"नंबर, बेटा. सकाळी सात ठक्क वाजले, आठवा गप. आठवा बिघडला हे मला तवाच कळलं. पण आठवा आता ठिवला कुठं, ते दिसंना."

"पण आठवा म्हणजे कशावरून आठवा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की ह्या पोरीला कॉलेजात शिकवलं तरी काय. "चालू व्हायच्या नंबरानं. मिल मागून चालू करायची आस्ती. आधी शेवटचं माल चढवायचं एलिव्हेटर, मंग पॉलिश, मंग चाळणी. तूर टाकायचं तोंड सगळ्यात शेवटी. पुढचं आधी फिरवलं तर माल जाईल कुठं? समदं तुंबंल ना."

अमेरिकन आकडा सांगतो, वस्तू कागदावर कुठल्या पायरीवर आहे. युरोपचा सांगतो, कुठल्या पानावर आहे. पुसून टाकलेला लाल आकडा सांगत होता, ती कधी चालू होते. मिल चालवणाऱ्याला हवं होतं ते एवढंच, आणि ते मी फडक्यानं पुसलं होतं.

शेठपुढे बोलायला माझी जीभ उचलेना. आमच्या मालकांच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण चाचा कोपऱ्यातली आपली पिशवी उचलायला वाकले, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "शेठ, चूक माझी आहे. चाचांचे नंबर मी पुसले."

शेठना ते पटलं नाही. मी चाचांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, गुपचूप एक रिले ट्रिप केला, म्हणजे एका मोटरीची वीज तोडली, आणि मिल चालू केली. चार ठक्क झाले, मग शांतता.

"पाचवा," चाचा भिंतीकडे बघतच म्हणाले. "ब्लोअर हाय."

मी दुसरा रिले पाडला तेव्हा म्हणाले, "दहावा. साल काढायचा रोल." दोन्ही बरोबर. तेवढ्या वेळात ड्रॉइंगमधून मला पानसुद्धा सापडलं नसतं.

शेठनी दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "बरं, हंगाम सरेस्तोवर राह्या मंग," एवढंच म्हणाले आणि वजनकाट्याकडे गेले.

मी लाल पेंट मागवला. चाचा सांगत गेले, मी प्रत्येक छापील पट्टीखाली आकडे लिहीत गेले. सगळे लिहून झाल्यावर ते म्हणाले, "आता ड्रॉइंगमधी बी लिव्ह."

मी पेन हातात घेऊन तशीच बसले. "चाचा, हे कागदावर आलं की तुमच्याशिवाय कुणालाही जमेल. शेठ काय म्हणाले ते ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं की. पण येणाऱ्याला कळाया नको व्हय? आज मला चार घंटे कसं वाटलं, मला ठाव हाय."

मी लिहिलं. प्रत्येक नावापुढे एक ते अकरा, आणि वर मथळा, 'चालू होण्याचा क्रम'. लिहिताना मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की चाचांकडे वर बघवेना.

हंगाम सरला आणि शेठनी आपला शब्द पाळला. नव्या माणसाचा मला पावसाळ्यात फोन आला. बिघाड नव्हता, आभार मानायला केला होता. म्हणाला, "ताई, क्रमाचा रकाना लई कामाचा टाकलाय तुम्ही. आवाज मोजला की बिघाड सापडतोय."

"तो माझा नाही," मी म्हटलं. "चाचांनी लिहायला लावला."

पलीकडे मिलचा आवाज चालू होता. त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तो जरा मोठ्यानं म्हणाला, "कोण चाचा?"